लिलावाला निघालेली नदी

अनसूयाकाकूंचं बोट चित्राच्या काचेवर टेकलं, तशी पुतणी रेवती हळूच म्हणाली, "काकू, हात नका लावू. उद्या लिलाव आहे." ती त्या लिलावघरातच नोकरीला होती.

चित्र जुन्या काळच्या कुणा इंग्रज साहेबानं काढलेलं. त्यात काकूंच्याच गावचा घाट होता, खाली नदी. पुढे धरण झालं आणि त्या नदीनं अख्खं गाव पोटात घेतलं. तेव्हापासून काकूंनी तिच्याशी अबोला धरला होता; दर श्रावणात भरायची तिची ओटीसुद्धा बंद केली होती.

"रंग कशात कालवले असतील गं?"

"पाण्यात. घाटावर बसून काढलंय, म्हणजे नदीच्याच."

काकू काचेजवळ वाकल्या. गाव बुडवलं त्याच पाण्यानं इथे घाटाची पायरी न् पायरी जपली होती.

"उद्या कुणाच्या घरी जाणार ही?"

"काय सांगावं? परदेशातही जाईल."

मुंबादेवीसाठी घेतलेला नारळ काकूंनी पिशवीतून काढला आणि चित्राखाली ठेवला. पहारेकरी धावत आला.

"थांबा हो जरा," काकू म्हणाल्या, "परक्या घरी निघालेल्या लेकीला रिकाम्या ओटीनं कशी पाठवू?"