तुमचं सरकार, आमचं सरकार

"तुमच्या सरकारला काही पोच आहे की नाही?" आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि खुर्ची पुढे ओढली. "एवढी साथ आलीय आणि म्हणे दुकानं चालू! ज्याने त्याने आपापलं बघावं म्हणे!"

"आणि तुमचं?" फोनमधला मुलगा हसला. "जिना उतरलं तरी दंड. माणसं काय कोंबड्या आहेत, खुराड्यात घालायला?"

"कोंबड्या तर कोंबड्या. जिवंत आहोत ना!"

रोज हेच. तिची सकाळ असायची तेव्हा त्याच्या देशात दुपार असायची. पाच महिने विमानं जागच्या जागी उभी होती, सरहद्दी दोन्हीकडून बंद होत्या आणि चालू होतं ते एवढंच भांडण. तुमच्याकडे मास्क उशिरा सांगितले, आणि तुमच्याकडे लवकर सांगितले पण मिळाले कुठे? तुमचा मंत्री रोज टीव्हीवर रडकं तोंड करून येतो, तुमचा तर येतच नाही. दोघं आपापल्या सरकारची बाजू अशी तावातावाने घ्यायची, जणू उद्या निवडणुकीलाच उभी राहणार आहेत. एरवी दोघांनीही आपल्या सरकारबद्दल आयुष्यात एक चांगला शब्द काढला नव्हता. पण आपलं सरकार कुचकामी आहे असं कबूल केलं की पुढचा प्रश्न आलाच, मग तुझं कसं चाललंय? तो प्रश्न दोघांनाही नको होता.

आत स्वयंपाकघरात घंटी वाजली. ट्रिंगऽऽ करून थांबली आणि मग, राहून गेल्यासारखी, आणखी एक टण्.

"आली बघ आमची सरकारी बाई!" आई लगबगीने उठली. "घड्याळ लावून घ्यावं हिच्यावर. याला म्हणतात सरकार!"

ओट्यावर टॉवेलखाली चावीचा टायमर होता. आई कामाला होती त्या बेकरीत तीस वर्षं पाव भाजून झाला की हाच वाजायचा. आईने तो उचलून डाळीच्या डब्यामागे ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "या हो, या. नाही, ताप नाही." मग थोडं थांबली. "खोकला? छे हो." पुन्हा थांबली. "मुलगा ना? मजेत आहे तिकडे."

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची रोज दारात येऊन विचारपूस होईल, असं सरकारने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. आईने त्या बाईसाठी दारात स्टूलसुद्धा ठेवलं होतं. बाई काही आली नाही. पाच महिन्यांत कुणीच आलं नाही. रात्री दिवा घालवताना आईला इतकं एकटं वाटायचं की ती दिव्याच्या बटणाशीही दोन शब्द बोलायची. पण हे पोराला सांगून काय उपयोग? तो तिकडे जीव टांगणीला लावून बसायचा.

"काय म्हणाली?" ती परत येऊन बसल्यावर मुलाने विचारलं.

"ठणठणीत आहात म्हणाली. चहा घ्या म्हटलं, तर नको म्हणाली. घाईत होती."

"छान आहे हो तुमचं सरकार. आमच्याकडेही येतो की माणूस. रोज."

"तुझा तो मेला माणूस मला कधी दिसला नाही. त्याची बेलसुद्धा कधी ऐकली नाही मी. थापा मारतोस झालं."

"आज येईल बघ. थांब, पाणी पिऊन आलो."

तो उठला तशी त्याच्यामागची खोली दिसली. पलीकडच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तो परत येऊन बसल्यावर आईने नीट पाहिलं. गालफडं बसली होती.

"तुझा तो खोलीतला मित्र कुठंय?"

"गेला त्याच्या घरी. महिना झाला."

"महिना? बोलला नाहीस ते! मग दिवसभर बोलतोस कुणाशी?"

"हे काय, तुझ्याशी."

आई काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिकडे घंटी वाजली. ट्रिंगऽऽ करून थांबली. आणि मग आणखी एक टण्.

"आला बघ!" मुलगा उठून दाराकडे गेला. "म्हटलं नव्हतं?"

आई जागची हलली नाही. बेकरी सोडताना मालकाने दोन्ही भट्ट्यांवरचे टायमर तिला देऊन टाकले होते. एक तिने ठेवला होता. दुसरा पोराच्या बॅगेत कोंबला होता, दूध उतू घालवतोस म्हणून. ते ती साफ विसरून गेली होती. तो विसरला नव्हता. म्हणजे पाच महिने रोज तो ही घंटी ओळखत होता, आणि रोज म्हणत होता, छान आहे हो तुमचं सरकार.

"या, या," तिकडून आवाज आला. "नाही, ताप नाही." मग तो थोडं थांबला. "खोकलाही नाही." आणि पुन्हा थांबला. दारातल्या माणसाला पुढचं विचारायला जेवढा वेळ लागेल, अगदी तेवढाच. ती थांबायची तसा.

आईने फोन डब्यापासून उचलून तोंडाजवळ धरला.

"जेवलात का?" तिने दारात आलेल्या सरकारी बाईसारखं विचारलं.

पडद्यावर नुसती गुंडाळलेली गादी दिसत होती.

"नाही," तो दाराशी उभा राहूनच म्हणाला.