टॉर्बियोर्नचा मंगळवार

नव्या ग्रहावर उतरायचंच, या एका हट्टापायी टॉर्बियोर्न बायकोपोरांना यानात जागं सोडून, शेकडो वर्षं झोपवून ठेवणाऱ्या थंड पेटीत झोपला होता. पेटीत माणूस एकदाच झोपतो आणि एकदाच उठतो, हे स्टॉकहोममध्ये सही घेतानाच त्याला बजावलं होतं.

डोळे उघडल्या उघडल्या त्याने विचारलं, "पोहोचलो?"

"कुठलं? अजून एकशेचाळीस वर्षं आहेत," गुनव्होर म्हणाली. वय सत्तर, यानाच्या रहिवासी मंडळाची अध्यक्ष, आणि त्याच्याच मुलीच्या वंशातली.

तो पेटीची कड धरून उठून बसला. "मग काय, इंजिन गेलं?"

"इंजिनाला काय धाड भरलीय?" तिनं पिवळा पडलेला एक कागद त्याच्यापुढे धरला. दोनशे वर्षं तो धुलाईघराच्या दारावर, कोणी कुठल्या दिवशी कपडे धुवायचे त्या वहीशेजारी चिकटवलेला होता. 'कपडे वाळवून झाल्यावर ज्यांनी यंत्राच्या जाळीतला कचरा काढला नाही, त्यांनी कृपया तो काढावा. स्नेहपूर्वक, मंडळ.'

"त्या मंगळवारपासून यंत्र बंद आहे, खापरपणजोबा. सात पिढ्या दमट चड्ड्या घालून वाढल्या."

"अगं, मूठभर कचरा तो. दोनशे वर्षांत तुमच्यातल्या एकालाही काढता आला नाही?"

भोवतीची माणसं खाली मान घालून उभी राहिली, जणू त्यानं चारचौघांत काहीतरी अभद्र बोलून टाकलं होतं.

"आम्ही कसा काढणार?" गुनव्होर हळूच म्हणाली.

 

"वहीत तो मंगळवार तुमच्या नावावर आहे."