ओ आणि नि

“‘कोदोमो’ म्हणजे मूल. ‘वाताशी’ म्हणजे मी. ‘कुदासाइ’ म्हणजे द्या,” जपानी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “आपल्यासारखंच आहे काका, शब्दाला शेपूट लागतं. फक्त आपण दोन्हीकडे ‘ला’ लावून मोकळे होतो. तिकडे जे द्यायचं त्याला ‘ओ’, ज्याला द्यायचं त्याला ‘नि’. हे उलटं झालं की अर्थच उलटा.”

सलूनवाल्याने मान डोलावली. खुर्ची रिकामी झाली की तो आरशाकडे बघत घोकायचा: कोदोमो ओ वाताशी नि कुदासाइ. मूल मला द्या.

लेकीने जपानात संसार मांडला होता. दुखणं निघालं आणि बघता बघता ती गेली. मागे जावई आणि पाच वर्षांची नात. आजवर इकडचं बोलणं तिकडे लेकच करायची. आता मधे कुणी नव्हतं. बाप्याला एकट्याला पोर सांभाळणं जमायचं नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यानेही. शिकवणी लावली ती या एका वाक्यासाठी.

रविवारी बाईंना शेजारी बसवून त्याने व्हिडिओ फोन लावला.

जावई नातीची वेणी घालत होता. रबर दातांत धरलेलं. भांग वाकडा, एक पेड जाड, दुसरा बारीक. सलूनवाल्याचे हात शिवशिवले. मग त्याचं लक्ष नातीकडे गेलं. गुंता निघत होता, तरी ती मान सैल सोडून, डोळे मिटून बसली होती. परक्या हाताखाली पोरं मान कशी ताठ धरतात, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं.

जावयाने रबर काढून वाकून नमस्कार केला. त्याचे डोळे खोल गेले होते. सासरे काय मागणार याचा अंदाज त्याला असावा. नातीच्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट झाला.

“बोला काका,” बाई कुजबुजल्या.

सलूनवाल्याने घसा खाकरला. “कोदोमो नि... वाताशी ओ... कुदासाइ.”

जावई बघतच राहिला. मग त्याने पोरीच्या केसांत तोंड लपवलं. त्याचे खांदे हलू लागले.

बाईंनी सलूनवाल्याची बाही ओढली. “अहो काका, ‘ओ’ आणि ‘नि’ची अदलाबदल झाली! मला या पोरीकडे देऊन टाका, असं म्हणालात तुम्ही.”

“झाली नाही, बाई,” डोळे पुसत तो म्हणाला. “केली.”