शिकाऊचा हात

"हा पठ्ठ्या आजही 'क्यू' अक्षराला अडखळला," कानांवरचे हेडफोन मागे सरकवत नाना म्हणाले.

"कोण?" सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, आपला शिकाऊ! चालतोय असा, जसा एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट."

नानांची बायको आतून ओरडली, "परक्याच्या लेकराला कशाला नावं ठेवता?"

"त्याचं नावच माहीत नाही, तर ठेवू काय?"

खरंच माहीत नव्हतं. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम लोकांचा, हा क्लब इंटरनेटवर भरायचा. अँटेना कशी बांधावी, परीक्षेत काय विचारतात, दूरदेशीचा रेडिओ घरबसल्या कसा ऐकावा, सगळं तिथे मोकळ्या हाताने वाटलेलं. मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची लिपी, शिकणारे आपला सराव ध्वनिमुद्रित करून तिथे ठेवत आणि जुनेजाणते परीक्षक तो ऐकून शेरा देत. शिरस्ता मात्र कडक. शिकाऊचं नाव, गाव, वय परीक्षकाला कळू द्यायचं नाही. माणूस बघायचा नाही, हात ऐकायचा. परीक्षकाने 'हवेवर येऊ द्या' म्हटलं, की मगच नाव उघड व्हायचं आणि रविवारच्या मेळ्यात शिकाऊ पहिल्यांदा रेडिओवर कुणाशी तरी बोलायचा.

जहाजावर वायरलेस ऑफिसर म्हणून उभी हयात काढलेले नाना या मेळ्याचे जुने मानकरी. त्यांनी मोर्सची कळ दाबली की समुद्रापलीकडचे लोक नाव विचारत नसत, ठोक्यावरून ओळखत. मग पक्षाघाताने तो उजवा हात मांडीवर आणून ठेवला. तेव्हापासून नाना हवेवर गेले नव्हते. मेळ्याचं बोलावणं आलं की उत्तर ठरलेलं, "आता माझ्याने होणार नाही." बोलणंही कमी होत गेलं. माणूस समोर बसलेला असून घरातून निघून चाललाय, असं बायकोला वाटायचं, आणि त्या वाटण्याने तिचा जीव अर्धा व्हायचा.

फिजिओथेरपीच्या बाईंनी निदान डावा हात तरी चालता ठेवा म्हणून बजावलं होतं. सकाळी डाव्या हाताने कळ ठोकायची, हाच व्यायाम. नानांनी अट घातली, आवाज बंद. "लंगड्या हाताचं गाणं मला ऐकवत नाही." खिडकीबाहेर बघत, कडू काढा घेतल्यासारखा, ते क्लबचाच धडा मुक्या कळीवर ठोकून टाकत. सूनबाई कळ संगणकाला जोडून ठोके टिपून ठेवायची आणि बोटांच्या हालचालीचा आलेख बाईंना पाठवायची.

परीक्षकाचं काम तिनेच आणलं. "हात रुसला असेल, नाना, कान तर नाही ना रुसले? क्लबला माणसं कमी पडताहेत."

नाना कुरकुरत बसले आणि या एका शिकाऊत गुंतले. तो वाईटच होता. लांब ठोका आखूड पडायचा, आखूड मध्येच रेंगाळायचा. पण चुकला की अक्षर टाकून पळत नसे. मागे यायचा, तेच अक्षर नीट करायचा, मग पुढे.

"थंड मुलखातला सुतार असणार," नाना म्हणाले. "रंधा मारून मारून हात आखडलाय बिचाऱ्याचा."

"सुतारच कशावरून? धुणी पिळून दमलेली बाई असेल," बायको म्हणाली.

"तर मग माझा तिला साष्टांग नमस्कार!"

बायको हसली. पुष्कळ दिवसांनी घरात कुणीतरी थट्टा केली होती.

शेरेही बदलत गेले. 'मनगट सैल सोड.' 'घाई कसली? तुझी वाट बघत आम्ही बसलोच आहोत.' 'आज तुझा क्यू ऐकून मी मांडीवर थाप मारली.' संध्याकाळी देवासमोर बसल्यावर नाना पुटपुटत, "देवा, कोण कुठला जीव, पण त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याच्यापायी उठावंसं वाटतं. त्याला सांभाळ."

शनिवारी शिकाऊने अख्खा धडा पार केला. चुका होत्या, पण थांबणं नव्हतं. नानांनी हेडफोन काढले, डोळे पुसले.

"सूनबाई, लिही. हवेवर येऊ द्या."

तिची बोटं थबकली. "पण नाना, हात अजून लंगडाच आहे की. मेळ्यात एकेक मातब्बर. हसतील."

"कोण हसेल? हात लंगडा असेल, त्याचं सांगणं लंगडं नाही!" नाना कडाडले. "असा माणूस लाजून घरात बसला, तर तो क्लब कशाला हवा? लिही, त्याचा पहिला संपर्क माझ्याशी."

"तुमच्याशी? म्हणजे तुम्ही मेळ्यात जाणार?"

"जाईन. डाव्या हाताने जाईन. त्या पोराला एकट्याला पाठवणार नाही."

बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "अहो, शब्द देताय?"

"दिला शब्द."

सूनबाईने शेरा पाठवला. जरा वेळाने क्लबचं उत्तर आलं.

"वाच गं पटकन! सुतार, की धुणंवाली?"

तिला वाचवेना. तिने संगणकाचा पडदाच त्यांच्याकडे वळवला. नानांनी चष्मा चढवला.

'अभिनंदन. तुमचा शिकाऊ उद्याच्या मेळ्यात येतो आहे, सगळे त्याची वाट बघत आहेत. मात्र त्याचा पहिला संपर्क तुमच्याशी घडवता येणार नाही, क्षमस्व. परीक्षक आणि शिकाऊ, दोन्हीकडे नाव तुमचंच आहे.'