दुसरा हंडा

सन पंचावन्नची गोष्ट. चिखलीच्या गजराबाईंनी पंचक्रोशीतल्या बायांची बाळंतपणं केली होती, आणि आज त्यांचीच सून अडली होती. मूल पोटात आडवं होतं. बाहेर ओसरीवर त्यांचे आजारी मालक बाजेवर पडून होते.

गरम पाणी न्यायला गजराबाई बाहेर आल्या. जाताजाता बाजेपाशी वाकल्या, मालकांची घोंगडी गळ्यापर्यंत ओढली आणि मुलाला म्हणाल्या, "सोपाना, दादांचा आत्ताच डोळा लागलाय. कुणाला हाक मारू देऊ नगंस. आन् अंगणात तीन दगडं मांडून आनखी एक हंडा तापत ठेव."

"चुलीवर हाय की एक."

"लागंल."

पिंपरीच्या नव्या कारखान्यात खाडा करून आलेला सोपान दोन तास बाजेजवळच्या कोंबड्या हाकत बसला. शेजारणीही कुजबुजतच बोलत होत्या.

शेवटी बाळ रडलं. गजराबाईंनी नाळ कापली, नातीला न्हाऊ घातलं, सुनेला दोन घोट पेज पाजली आणि मगच बाहेर आल्या.

सोपान हरखून उठला. "आई, आता उठवू दादांना?"

गजराबाई बाजेच्या पायाशी मटकन बसल्या. "मी तवाच रडले असते, तर बायांनी मला हितंच धरून बसवलं असतं. मग आतलं लेकरू कुनी फिरवलं असतं, सोपाना?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"अंगणातला हंडा उतरव आता. दादांच्या आंगुळीचं पानी हाय त्ये."