मागची हवा

प्रॅक्टिकलला दळवी सर मागून चोरपावलांनी येऊन इतके जवळ उभे राहायचे, की मानेवर त्यांचा श्वास लागायचा. मी तक्रार केली, तर प्राचार्य म्हणाले, "तुला भास होतो, सुकन्या."

झुरळाच्या शेपटाकडं बारीक केस असतात. मागची हवा हलली की त्याला कळतं आणि ते पळतं. शहाण्णव साली जामखेडच्या विज्ञान प्रदर्शनात मी तसाच केस तारेला जोडून बझरसकट पाठीवर बांधला. पळायचं मात्र नव्हतं.

प्राचार्यांसोबत आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "याचा उपयोग काय?"

तेवढ्यात पाठीवरचा बझर कोकलला. सगळा मांडव बघायला लागला.



"प्राचार्य सर, मी मागं बघत न्हाई. कोण आलंय, ते तुमीच सांगा."