जांभळाखालची ओळ

सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तशी सासऱ्यांनी इकडेतिकडे बघत आपल्या टोपलीतली ओंजळभर स्ट्रॉबेरी गुपचूप त्यांच्या टोपलीत टाकली. सून बघतेय हे कळल्यावर जरा ओशाळले. "सावलीत फळ कमी धरतं गं कांचन. तिला वाटू दे, आपलीपण भरतेय. बोलू नकोस हां."

आजारपणानंतर डॉक्टरांनी सासूबाईंना उन्हात जायची मनाई केली होती. तोडणीच्या दिवसांत सगळे रानात आणि त्या एकट्या घरात, हे सासऱ्यांना बघवेना. म्हणून त्यांनी बांधावरच्या जांभळाखाली रोपांची एक ओळ खास बायकोसाठी लावली. तेव्हापासून दर वर्षी लावतात.

दुसऱ्या दिवशी सासूबाई फळं तोडत पुढे सरकल्या, तशी कांचन त्यांच्या मागे त्या ओळीतली पिवळी पानं खुडायला बसली. पानं बाजूला केली, तर खाली लालबुंद, टपोरी फळं जागोजाग तशीच राहिलेली. सासूबाईंना दिसेनासं झालं की काय, अशी तिला शंका आली.

"आत्या, अहो, ही किती राहिलीत बघा!" म्हणत तिनं तोडायला हात घातला.

सासूबाईंनी तो हात अलगद धरला. पलीकडे उन्हात वाकलेल्या नवऱ्याकडे एकवार बघून त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे. टोपली मीच भरली, तर ह्यांनी टाकायचं कुठं?"

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तहान लागली बाई! जरा पाणी पिऊन येते."